धावायला जायचे, पण कोणाबरोबर?

दिवाळी झाली आणि सकाळी थोडी थंडी पडू लागली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. रुग्णाला तपासून झालेले असते, औषधाची चिठ्ठी त्याच्या हातात असते, आणि उठता उठता तो म्हणतो, "डॉक्टर, आमच्या कॉलनीतली मंडळी हल्ली पहाटे धावायला जातात. मलाही चला म्हणतात. जाऊ का?" विचारणारा बहुधा चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यानचा असतो. पोट थोडे सुटलेले, रक्तदाबाची एखादी गोळी चालू, आणि शाळा सुटल्यानंतरचे सगळे धावणे म्हणजे निघालेल्या एसटीमागे केलेली धावाधाव.

अशा माणसाला नुसते "जा" म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. "नको" म्हटले तर त्याचे नुकसान होते. म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो, "कोणाबरोबर?" बऱ्याच जणांना हा प्रश्न विचित्र वाटतो. किती धावायचे, कोणते बूट घ्यायचे, आधी काय खायचे, असे काहीतरी मी विचारीन अशी त्यांची अपेक्षा असते. ते सारे येतेच. पण पंचेचाळिशीच्या माणसाने कोणाच्या सोबतीने धावायचे, यावर बाकीचे पुष्कळसे अवलंबून आहे, असे माझे मत होत गेले आहे. गेली काही वर्षे मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस अशाच एका गटाबरोबर धावतो, त्यामुळे हे मत दवाखान्यातल्या खुर्चीत बसून केलेले नाही.

आपले गाव तसे धावणाऱ्यांना नवखे नाही. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली झाले, पण तोंडी नगरच राहिलेल्या या गावात लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचे आहे. भिंगारच्या बाजूला पहाटे जवानांच्या तुकड्या धावताना आपण लहानपणापासून पाहत आलो. दुसरी धावणारी मंडळी म्हणजे भरतीची पोरे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून तालुक्याच्या प्रत्येक मैदानावर पहाटे पाचला ही मुले घाम गाळताना दिसतात. पण दुकानदार, शिक्षक, बँकेतला माणूस, एमआयडीसीतला कामगार आणि डॉक्टर यांनी हाफ पँट घालून रस्त्यावर येणे, हा प्रकार अलीकडचा. सुरुवातीला लोक गाडी थांबवून "काय झालं, काही मदत हवी का?" असे विचारीत. आता कोणी विचारीत नाही.

व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध सांगताना एका जुन्या अभ्यासाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण तो आपल्या गावाला शोभणारा आहे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली ती नगर-पुणे मार्गावर, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५३ साली, जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघेही एकाच बसवर, एकाच वर्गातले, साधारण सारखाच पगार मिळवणारे. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दुमजली बसच्या पायऱ्या चढतो-उतरतो आहे. रोजच्या कामात सुमारे सहाशे पायऱ्या! कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांच्यातही लगेच दगावण्याचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी होते. या मॉरिस साहेबांनी पुढे स्वतः धावणे सुरू केले आणि २००९ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय ९९ होते. आमच्या गटात एक एसटीचे कंडक्टर आहेत. त्यांना मी ही गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या गाडीला वरचा मजला नाही, म्हणून तर इथं यावं लागतं."

आता गटाने धावण्याकडे वळू. मध्यमवयीन, सर्वसाधारण माणसांनी एकत्र जमून आरोग्यासाठी सावकाश धावायचे, ही कल्पना न्यूझीलंडमधून आली. आर्थर लिडियार्ड नावाचे तेथील एक प्रशिक्षक होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी दोन सुवर्ण आणि एक कांस्य पदक मिळवले. नंतर त्यांनी ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांना आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांना हळूहळू धावायला लावले. त्या काळी झटका आलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर लोक कित्येक आठवडे पलंगावरून उठू देत नसू, हे लक्षात घेतले म्हणजे या धाडसाची कल्पना येईल. १९६२ साली ऑकलंडमध्ये अशा लोकांचा जॉगिंग क्लब निघाला. लिडियार्ड यांची अट एकच होती. शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचे. त्याच सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले होते. एका रविवारी ते या क्लबबरोबर धावायला गेले आणि थोड्याच वेळात त्यांची दमछाक झाली. त्यांना सोबत म्हणून जे गृहस्थ मागे थांबले, त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती आणि त्यांना तीन वेळा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता! पन्नाशीतल्या बॉवरमन यांनी हे मनावर घेतले. मायदेशी परतून त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या मदतीने १९६७ साली 'जॉगिंग' या नावाचे पुस्तक काढले, आणि अमेरिकेत धावण्याची लाट आली. पुढे जगभर गाजलेल्या नाईकी या बुटांच्या कंपनीचे ते एक संस्थापक.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे मागे थांबणे.

आमच्या गटाचे सांगतो. आम्ही मंगळवार, गुरुवार आणि रविवारी पहाटे साडेपाचला जमतो. मंगळवारी किल्ल्याभोवती, म्हणजे भुईकोटाच्या खंदकाच्या बाजूने. गुरुवारी मैदानावर व्यायाम आणि थोडे वेगाचे धावणे. रविवारी जरा लांब. महिन्यातून एकदा पाथर्डी रस्त्याने गाड्या घेऊन चांदबीबी महालाच्या पायथ्याशी जायचे आणि तेथून चढ चढायचा. (महाल चांदबीबीचा नाही, ती सलाबतखानाची कबर आहे, हे आमच्यातले इतिहासाचे एक शिक्षक दर वेळी सांगतात आणि दर वेळी कोणाला तरी ते नव्याने कळते.) गटात तीस-बत्तीस जण आहेत, रोजचे वीस. सराव घेतात ते लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी पहिल्या दिवशी मला दोन नियम सांगितले. पहिला, नवा माणूस आला की जुन्यांपैकी एकाने त्या दिवशीचे आपले धावणे सोडायचे आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत राहायचे. दुसरा, सर्वांत मागचा माणूस पोचल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही.

दुसऱ्या नियमाचा परिणाम फार गमतीचा होतो. पुढे पळणाऱ्याला थांबून थंडी वाजते, मग तो परत मागे येतो, मागच्याशी गप्पा मारत पुन्हा पुढे जातो. त्याचे अंतर वाढते, मागच्याला लाज वाटत नाही, आणि कोण कुठे आहे हे सर्वांना माहीत असते.

हे आपल्याकडच्या लोकांना खरे म्हणजे समजावून सांगावे लागू नये. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला आपल्या जिल्ह्यातूनच जाते. एरवी मंडईपर्यंत रिक्षाने जाणाऱ्या आजीबाई त्या दिंडीत रोज मैलोगणती चालतात. मी पालखीच्या वाटेवर औषधे वाटायला बसलो आहे. पायाचे फोड, ताप, जुलाब असे रुग्ण पुष्कळ येतात, पण "मला पुढच्याला गाठायचे होते म्हणून छातीत दुखू लागले" असा वारकरी मला भेटलेला नाही. दिंडीत चाल ठरते ती टाळकरी, विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका यांच्या मेळाने. कोणी एकटा पुढे पळत नाही. पळून जाणार कुठे? मुक्काम सर्वांचा एकच.

धावण्याच्या गटाचे मात्र दिंडीपेक्षा शर्यतीशी नाते लवकर जुळते, आणि माझी काळजी तेथे सुरू होते.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील काही संशोधकांनी २०१० साली होडी वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. तीच मुले, तेवढेच श्रम. एकदा एकट्याने, एकदा सर्वांनी मिळून. दोन्ही वेळा व्यायामानंतर त्यांची वेदना सहन करण्याची शक्ती मोजली. एकत्र वल्हवल्यावर ती स्पष्टपणे जास्त भरली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन नावाची द्रव्ये यामागे असावीत, असे संशोधकांचे म्हणणे. एकट्याने दोन किलोमीटर धावताना जीव नकोसा होतो आणि चौघांबरोबर पाच किलोमीटर कधी झाले ते कळत नाही, हा अनुभव धावणाऱ्या प्रत्येकाला आहे. गटाचे हेच मोठे बळ. पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर याची दुसरी बाजू दिसते. जी गोष्ट पोटरीची वेदना जाणवू देत नाही, ती छातीची सूचनाही दडपू शकते. शरीर "थांब" म्हणत असते आणि पुढे चाललेले चार मित्र "चल" म्हणत असतात. त्यांचा आवाज मोठा असतो.

माझे एक रुग्ण आहेत. वय ४७, मार्केट यार्डात व्यापार, वडिलांना पन्नाशीतच हृदयविकार झालेला. दुसऱ्या एका गटाबरोबर ते चार महिने धावत होते. त्या गटात रोज कोण किती मिनिटांत आला याचा हिशेब ठेवला जाई आणि शेवटून पहिला येणाऱ्याने सर्वांना चहा पाजायचा, अशी गमतीची पद्धत होती. चहाच्या पैशाचा प्रश्न नव्हता, पण रोज आपणच पाजायचा हे त्यांना लागे. चढावर त्यांचा खालचा जबडा दुखू लागला. थांबले की दोन मिनिटांत बरे वाटे. दाढ असेल म्हणून ते दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दाढ चांगली होती. पुढे ते आमच्याकडे येऊ लागले. दुसऱ्याच रविवारी महालाच्या चढावर त्यांनी जबड्याला हात लावलेला उस्तादांनी पाहिला आणि तेथेच त्यांना कठड्यावर बसवले. मी मागून येत होतो. चढ चढताना दुखते, थांबले की थांबते, घाम येतो. एवढे ऐकल्यावर फार विचार करावा लागत नाही. त्यांना पायी खालीसुद्धा उतरू दिले नाही, गाडी वर मागवली. ईसीजीत थोडासाच फरक होता, पण लक्षणे बोलकी होती. अँजिओग्राफीत एक मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद निघाली. स्टेंट बसला. तीन महिन्यांनी ते हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने परत आले, आधी फक्त चालायला.

हृदयाचे दुखणे छातीतच होते असे नाही, हे या निमित्ताने वाचकांनी लक्षात ठेवावे. जबडा, गळा, डावा हात, दोन्ही खांदे, पोटाचा वरचा भाग यांपैकी कोठेही ते जाणवू शकते. आपल्याकडे त्याला "पित्त झाले" किंवा "गॅस धरला" म्हणायची फार मोठी परंपरा आहे. श्रम केल्यावर येणारे आणि विसावा घेतल्यावर जाणारे कोणतेही दुखणे कमरेच्या वर असेल, तर त्याचे निदान स्वतः करू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत तर पुष्कळदा दुखतही नाही. नेहमीपेक्षा लवकर धाप लागते, विलक्षण थकवा येतो, एवढेच.

हे वाचून कोणी बूट कपाटात ठेवून देईल, तर तेही बरोबर नाही. अमेरिकेतील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींचा २००० ते २०१० या दहा वर्षांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय धावताना किंवा धावून झाल्यावर लगेच बंद पडले, त्यांपैकी ४२ दगावले. म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. धोका लहान आहे. पण त्यातले बारकावे पाहावेत. या घटना पुरुषांत जास्त, पूर्ण मॅरेथॉनमध्ये जास्त आणि शर्यतीच्या शेवटच्या पाव टप्प्यात जास्त, म्हणजे जेथे माणूस ईर्षेला पेटतो तेथे. जे वाचले त्यांच्यापैकी बहुतेकांना बाजूच्या माणसांनी लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडेही जानेवारी २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ६४ वर्षांच्या एका गृहस्थांचा असा मृत्यू झाला होता. शिवाय भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, हे आपण आपल्या आळीतही पाहतो.

म्हणून चाळिशी उलटलेल्या पुरुषाने, पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीने, आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-विडीचे व्यसन किंवा घरात लवकर हृदयविकार झालेला असेल तर त्याआधीही, धावायला लागण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, एक ईसीजी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर ट्रेडमिलवरची चाचणी. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे पट्टा मिळाला असे समजू नये. त्या व्यापाऱ्यांचा त्याआधीच्या वर्षीचा ईसीजी अगदी व्यवस्थित होता. आणि गटात आल्यावर आपले वय, आजार, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर निदान दोघांना तरी माहीत असू द्यावा. आम्ही तो एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो.

छातीवर दाब देण्याची क्रिया आमच्या गटातल्या प्रत्येकाने शिकून घेतली आहे. बेशुद्ध पडलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे, गाडी येईपर्यंत. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे, तळवे चोळणे यांत गेलेला वेळ परत मिळत नाही.

आता सुरुवात कशी करावी. पहिले दोन-तीन आठवडे नुसते भरभर चालावे. अर्धा तास न थकता चालता येऊ लागले की मध्ये एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. दर आठवड्याला धावण्याची मिनिटे थोडी वाढवावीत. सलग वीस मिनिटे धावायला काही जणांना दोन महिने लागतात, काहींना चार. पुढे जाऊन त्याचा काही फरक पडत नाही. वेगाचे माप लिडियार्ड यांचेच ठेवावे. धावता धावता शेजाऱ्याला घरच्या लग्नाची हकीकत पूर्ण वाक्यांत सांगता आली पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर वेग जास्त आहे. हल्ली मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके दिसतात, पण रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे मुळातच संथ राहते. घड्याळ शांत आणि माणूस धापा टाकतो आहे, असे होते. त्यांनी बोलण्याचीच कसोटी लावावी, आणि गोळी मनाने बंद करू नये.

भरतीच्या मुलांबरोबर वडील मंडळींनी धावू नये असे मी स्पष्ट सांगतो. त्यांना काही मिनिटांत १६०० मीटर तोडायचे असते, आपल्याला पुढची तीस वर्षे काढायची असतात. नगरला लागूनच असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या गटात पेढे वाटले गेले. तो धावू लागला तोही लष्करात गेल्यावर, तेथील क्रॉसकंट्रीच्या संघात. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, त्याचा वेग मात्र त्याच्याकडेच राहू द्यावा.

गुडघ्यांबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. "धावल्याने वाट्या झिजतात" हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेला निष्कर्ष असा की हौसेने, माफक धावणाऱ्यांत गुडघ्याच्या वा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण साडेतीन टक्के होते आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांत दहा टक्क्यांच्या वर. मात्र व्यावसायिक पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत ते तेरा टक्क्यांपर्यंत गेले. अर्थात ज्याचे वजन शंभराच्या घरात आहे किंवा ज्याचा गुडघा आधीच सुजतो, त्याने आधी चालून वजन उतरवावे. नवख्यांना त्रास होतो तो बहुधा नडगीचा आणि टाचेचा, आणि कारण एकच, घाई. सकाळी पहिले पाऊल टेकताना टाच दुखली तर अंतर निम्मे करावे. बूट मऊ तळव्याचे, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले घ्यावेत. दहा हजारांचेच हवेत असे नाही.

मधुमेहींसाठी दोन शब्द. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर धावताना, आणि कधी कधी धावून झाल्यावर काही तासांनीही, एकदम उतरू शकते. निघण्यापूर्वी साखर पाहावी. शंभरच्या खाली असेल तर केळे किंवा दोन बिस्किटे खाऊन निघावे, अडीचशे-तीनशेच्या वर असेल तर त्या दिवशी धावू नये. खिशात साखरेची पुडी असावी आणि ती कशासाठी आहे हे शेजाऱ्याला माहीत असावे. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा. रोज रात्री पायाचे तळवे आरशात पाहावेत. बुटाने झालेला फोड ज्याला जाणवत नाही त्याला तो दिसला तरी पाहिजे.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. तासाभराच्या धावण्याला लिटर-लिटर पाणी ढोसण्याची गरज नसते. बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले आढळले, आणि त्याचे मोठे कारण जास्त पाणी पिणे हे होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात मात्र सूर्य वर यायच्या आत घरी यावे आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घ्यावे. ताप असताना किंवा ताप उतरून आठवडा झालेला नसताना धावू नये. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते.

स्त्रियांविषयी लिहायला हवे. आमच्या गटात आज सात जणी आहेत. पहिल्या वर्षी एकही नव्हती. पहाटेच्या अंधारात एकट्या बाईने रस्त्यावर धावणे आपल्या गावांत अजून सोपे नाही, आणि त्यांच्या बाबतीत गट ही हौस नसून अट आहे. दोन शिक्षिका, एक परिचारिका, बाकी गृहिणी. कपड्यांचा संकोच फार असतो. बारामती तालुक्यातल्या लता करे यांनी साठी उलटल्यावर, पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी मॅरेथॉन धावली आणि आपल्या वयोगटात जिंकली, हे पुष्कळांना आठवत असेल. त्यांच्या आयुष्यावरच्या मराठी चित्रपटाची ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. कौतुक करताना एवढे मात्र मनात येते की त्या बाईंना बूट घालून, औषधाची चिंता न करता धावता आले असते तर बरे झाले असते. आमच्याकडे सलवार-कमीज चालतो, ओढणी मात्र घरी ठेवावी. रक्त कमी असलेल्या बायका फार. धाप लवकर लागते म्हणून येणे सोडण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे.

नगरपेक्षा लहान असलेल्या साताऱ्याने या बाबतीत जे केले ते पाहण्यासारखे आहे. तेथील धावणाऱ्यांच्या संस्थेने, ज्यात डॉक्टर मंडळींचा पुढाकार होता, २०१२ पासून यवतेश्वर घाटातून कासच्या रस्त्याने जाणारी २१ किलोमीटरची स्पर्धा सुरू केली आणि तिचे नाव २०१५ साली गिनीजच्या पुस्तकातही गेले. मला त्या विक्रमापेक्षा स्पर्धेआधीच्या रविवारच्या सामूहिक सरावांचे मोल जास्त वाटते. गावातली साधी माणसे घाटात एकत्र चालत-धावत तयार होतात. आमच्यातले चौघे तेथे धावून आले. त्यांत एकानेही किती मिनिटे लागली हे पहिल्यांदा सांगितले नाही. कोणता चढ कोणी कोणाबरोबर चालत काढला, हेच सांगत होते.

रस्त्याविषयी थोडक्यात. समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून उजव्या बाजूने धावावे, फिकट कपडे घालावेत. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांपासून फार जपावे. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, सर्वांनी मिळून थांबावे. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करावे. हळद-चुना लावून येणारे रुग्ण मी अजून पाहतो.

राहता राहिली रविवारची न्याहारी. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला की साधारण साडेतीनशे कॅलरी खर्च होतात. मग सगळे मिळून मिसळ खायला जातात. तर्री, फरसाण, जादा पाव आणि वर जिलेबी. आमच्या गटातल्या दोघांचे वजन धावायला लागल्यापासून तीन-तीन किलोंनी वाढले आहे, आणि दोघेही मला विचारतात की थायरॉइड तपासायचा का. उस्ताद त्या वेळी शेजारी बसून गूळ-शेंगदाणे खात असतात आणि काही बोलत नाहीत.